आवाहन म्हणजे आव्हान नव्हे, त्या फॉरवर्डला उत्तर

गणपती जवळ आले की आमच्या गिरगावातल्या चाळीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड येतोच. त्यात म्हटलंय की आवाहन आणि आव्हान हा एकच शब्द, तो वाहनावरून आला कारण बाप्पा उंदरावर बसून येतो, आणि 'चॅलेंज' हा अर्थ पेपरवाल्यांनी इंग्रजीवरून चिकटवलाय. यंदा तो आला आणि दुसऱ्या दिवशी बघतो तर जिन्याखालच्या फळ्यावर 'रक्तदानाचे आवाहन'मधलं आवाहन पुसून कोणीतरी खडूने 'आव्हान' केलेलं. मला खरंच वाईट वाटलं, म्हणून लिहितोय.

एक शब्द नाहीयेत हे, धातूच वेगळे. आवाहनात वह् आहे, म्हणजे वाहून नेणं, आणणं, त्याला आ लागला की इकडे घेऊन येणं. गुरुजी 'आवाहयामि' म्हणतात आणि आपण अक्षता वाहतो ना, सोळा उपचारांतला तो पहिलाच. ऋग्वेदाच्या अगदी पहिल्या सूक्तात, दुसऱ्या ऋचेत, अग्नीबद्दल 'स देवाँ एह वक्षति' असं आलंय, तो देवांना इथे घेऊन येईल, त्यातलं वक्षति हे वह् चंच रूप.

आता वाहन. तेही वह् चंच, विवाह आणि प्रवाहसुद्धा, पण ही सगळी भावंडं झाली, एकातून दुसरं निघालेलं नाही. आणि उंदराचं म्हणाल तर कॅलेंडरवर 'ज्येष्ठा गौरी आवाहन' छापलेलं असतं ते काय मग? उंबऱ्यापासून रांगोळीची पावलं काढून, मुखवटा हातात धरून, 'गौर कशाच्या पावलांनी आली, सोन्याच्या पावलांनी' म्हणत आई तिला एकेक खोली दाखवत आत आणते, आवाहन म्हणजे काय ते तिथे डोळ्यांनी दिसतं.

आव्हान हे ह्वे धातूचं, हाक मारणं. मूळ आह्वान, आपल्या जिभेवर ह आणि व ची अदलाबदल झाली, जिह्वाची जिव्हा झाली तशीच, त्यामुळे आव्हान लिहिलं म्हणून कोणी अशुद्ध ठरवू नये.

आणि चॅलेंजचा अर्थ इंग्रजीवरून आला म्हणणाऱ्यांनी पाणिनीचं संस्कृत व्याकरण उघडावं. 'स्पर्धायामाङः' असं आख्खं सूत्र आहे, आ लागलेला ह्वे स्पर्धेच्या अर्थी आला की त्याचं रूप बदलतं. त्या सूत्रांचा अर्थ सांगणाऱ्या काशिकावृत्ती या जुन्या ग्रंथातलं उदाहरण तर मला फारच आवडतं: 'मल्लो मल्लमाह्वयते', पैलवान पैलवानाला ललकारतो. पण गुराखी गाईला हाक मारतो तेव्हा 'गामाह्वयति', कारण गाईशी कसली स्पर्धा! एकच धातू, आणि नुसती हाक की ललकारी हे शेवटच्या रूपावरून कळतं. इंग्रजांचा पत्ता नव्हता तेव्हाचं आहे हे.

म्हणून हिंदी बातम्यांत 'जनता से आह्वान' ऐकून हसू नका, त्यांनी गुराख्याची हाक ठेवली, आपण पैलवानाची. फळ्यावर मात्र आपल्याला रक्त हवंय, कुस्ती नकोय, मी खडू घेऊन खाली जातोय.