एकाआड एक

माझा राग एका गृहस्थांवर आहे, आणि ते आमच्या टीमचे नाहीत, आमच्या प्रोजेक्टचे नाहीत, खरं तर त्या मीटिंगचेही नव्हते. अकाउंट्सचे. त्यांच्या जागेवरचा प्लग बंद पडला, म्हणून लॅपटॉप चार्ज करायला मीटिंग रूमच्या कोपऱ्यात येऊन बसले होते.

विषय म्हणावा तर एवढासा. आमच्या ॲपमध्ये व्यवहारांची लांबलचक यादी आहे. तिच्या ओळी एकाआड एक राखाडी-पांढऱ्या हव्या होत्या. ओळीचा क्रमांक घ्यायचा, दोनाने भागायचं, बाकी शून्य आली तर राखाडी, नाही तर पांढरी. हे ‘नाही तर’ विसरायचं नाही, कारण स्क्रीनवरून वर सरकून गेलेलीच ओळ फोन खालून पुन्हा वापरायला काढतो आणि ती जुना रंग अंगावर घेऊन येते. ओळीच्या बॅकग्राउंडला रंग दिला की बोट लावल्यावर उमटणारी लहर जाते, ती मग फोरग्राउंडला, म्हणजे वरच्या थराला द्यायची. झालं. एवढंच काम.

डेमोत मी आधी दुसरंच दाखवलं. नेटवर्क नसताना केलेल्या नोंदी नंतर सर्व्हरशी कशा जुळतात ते. एकाच नोंदीत दोन फोनवरून बदल झाला तर कोणाचा खरा धरायचा, या प्रश्नाने माझी झोप खाल्ली होती. सगळे ‘हं’ म्हणाले. एकाने जांभई दिली. मग मी यादी उघडली आणि कोपऱ्यातून आवाज आला.

“पट्टे कुठेयत?”

“आहेत ना. एकाआड एक राखाडी.”

“मला सगळं पांढरंच दिसतंय.”

आता दिसणार कसं? पांढऱ्यात लाल, हिरवा, निळा तिन्ही २५५ असतात, आमच्या राखाडीत तिन्ही २४५. दहाचा फरक. डिझायनरच्या महागड्या स्क्रीनवर तो फार खानदानी दिसतो. प्रोजेक्टर तो गिळून टाकतो, आणि साधे फोनही फारशी दयामाया दाखवत नाहीत. हे मी सांगू लागलो तेवढ्यात मॅनेजर म्हणाले, “सरांना फोनवरच दाखव ना.” आल्या आल्या त्यांचे ‘सर’ झाले होते.

सरांनी चष्मा कपाळावर चढवला, फोन नाकाशी नेला.

“ही पहिली ओळ राखाडी का?”

“सम ओळी राखाडी आहेत, म्हणून.”

“पहिली ओळ सम?”

“तिचा क्रमांक शून्य आहे. इथे शून्यापासून मोजतात.”

“म्हणजे पहिला व्यवहार झालेलाच नाही?”

“झालाय. पण त्याचा क्रमांक शून्य.”

“आणि यादीत एकच व्यवहार असला तर?”

“तर शेवटचा क्रमांकही शून्य.”

“एकूण किती मग?”

“एक.”

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “ऑडिटरसमोर असं काही बोलू नका हं.”

खोली हसली. मॅनेजर सर्वांत मोठ्याने हसले, नेटवर्कच्या स्लाइडला ज्यांचं तोंड मिटलेलं होतं तेच. आणि सर तेवढ्यावर थांबते तरी चाललं असतं. त्यांनी आपल्या लॅपटॉपवर आमचीच वेबसाइट उघडली. “इथे तर पहिली पांढरी आहे.”

बरोबर आहे. वेबवाल्यांनीही ‘सम ओळ राखाडी’ असंच लिहिलंय, पण सीएसएसमधलं, म्हणजे वेबपानाची रंगरंगोटी लिहायच्या भाषेतलं, ‘कितवी ओळ’ ते ठरवणारं एनथ-चाइल्ड एकापासून मोजतं. दोघांनी एकच वाक्य लिहिलं, दोघेही बरोबर, आणि पट्टे उलटे. हे मी शक्य तितक्या शांतपणे सांगितलं. सर म्हणाले, “एकाच कंपनीत दोन पहिल्या ओळी?” मॅनेजरनी वहीत लिहून घेतलं: ‘मोजणी कुठून — धोरण ठरवणे.’ धोरण!

तोवर सरांचं बोट लागून एक ओळ डिलीट झाली. ती छान घरंगळत गेली, खालच्या ओळी अलगद वर आल्या आणि दोन पांढऱ्या एकमेकींना चिकटल्या. हा रिसायकलर व्ह्यूचा, म्हणजे ॲपमध्ये यादी दाखवणाऱ्या त्या तयार साच्याचा गुणच आहे. एक ओळ गेली एवढंच कळवलं तर तो बाकीच्या नुसत्या सरकवतो, उगाच पुन्हा रंगवत बसत नाही. खालच्या सगळ्या बदलल्या असं वेगळं कळवावं लागतं. सरसकट सगळी यादीच बदलली म्हणून सांगितलं तर ते घरंगळणं जातं, जे दोन महिन्यांपूर्वी याच खोलीत हट्टाने मागून घेतलं होतं.

“इथली एन्ट्री गाळलीय कोणीतरी,” सर म्हणाले.

“तुम्हीच डिलीट केलीत.”

“मी? मी नुसतं बोट लावलं.”

मग त्यांना लाइन प्रिंटरचा कागद आठवला. रुंद, हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचा, कडेला भोकं असलेला, एका ओळीत १३२ अक्षरं मावणारा. मला मनातून पटलं, हे सांगायलाही चीड येते. पट्टे कारखान्यातूनच छापून येत. ओळ खोडली तरी पट्टा जागचा हलत नसे, आणि पहिली ओळ सम की विषम हे कोणाच्या बापाला विचारावं लागत नसे.

शेवटचं शस्त्र म्हणून मी २००८ साली प्रसिद्ध झालेली एक चाचणी काढली. पट्ट्यांमुळे तक्ता वाचण्याचा वेग किंवा अचूकता फारशी सुधारत नाही असं तीत दिसलं होतं. पुढे झालेल्या पाहणीत पट्टे लोकांना आवडतात असंही आढळलं. हा दुसरा भाग मी सांगायला नको होता.

“आवडतात ना? मग ठेव,” मॅनेजर म्हणाले. “आणि डार्क मोडमध्ये काय करायचं तेही बघ.” डार्क मोडचा प्रश्न अर्थातच सरांचा. त्यांच्या फोनवर चोवीस तास अंधारच असतो.

संध्याकाळी मीटिंगची टिपणं आली. नेटवर्कच्या कामाला एक ओळ, तीही माझं नाव चुकवून. पट्ट्यांना अर्धं पान. पुढच्या आठवड्यात फक्त पट्ट्यांवर वेगळी बैठक आहे, सरांना खास आमंत्रण आहे, आणि माझं नाव ‘ऑप्शनल’मध्ये आहे.