'घाटातलं पिल्लू घरी न्या' सांगणाऱ्या मेसेजबद्दल

गेल्या आठवड्यात वहिनींचा फोन आला. "भाऊजी, पिल्लाला जुलाब लागलेत. काय देऊ?" मला वाटलं मांजराचं असेल. ते माकडाचं होतं. रविवारी कासहून परतताना यवतेश्वरच्या घाटात कठड्यावर एकटं बसलेलं दिसलं, म्हणून गाडी थांबवून, शालीत गुंडाळून त्यांनी ते साताऱ्याला घरी आणलं होतं. मला कळलं तेव्हा तिसरा दिवस उजाडला होता. वहिनींचा जीव मायाळू आहे, त्यांच्यावर माझा राग नाही. राग आहे त्यांच्या भिशीच्या ग्रुपवर आलेल्या मेसेजवर. दोन दिवसांनी तोच मेसेज कराडात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही येऊन धडकला.

मेसेज थोडक्यात असा: एकटं दिसलेलं माकडाचं पिल्लू आईनं टाकलेलं असतं. माणसाचा हात लागला की आई त्याला परत घेत नाही, म्हणून घरी न्या. दूध-बिस्किट द्या. वनखात्याला कळवू नका, ते मारतात नाहीतर पिंजऱ्यात घालतात. मोठं झालं की जंगलात सोडा, आपोआप टोळीत मिसळतं. मारुतीरायाची सेवा घडते.

आईनं टाकलं म्हणे. वहिनींना मी एकच विचारलं, वर झाडांवर माकडं होती का? होती, ओरडतही होती. मग टाकलं कुणी? गाडी थांबली की टोळी वर पळते, पिल्लू मागे राहतं, आई माणसं हटायची वाट बघत बसते. अशा वेळी आपण गाडीसकट पुढे निघून जायचं आणि लांबून तास-दोन तास नजर ठेवायची, एवढंच काम असतं. आणि हात लागल्याचं म्हणाल, तर माकडीण मेलेलं पिल्लूसुद्धा कित्येकदा दिवसदिवस छातीशी धरून हिंडते. मेलेल्याला न सोडणारी आई जिवंत पिल्लाला माणसाच्या वासासाठी टाकेल?

आई खरोखर गेलेली असते असंही घडतं, हे मान्य करतो. घाटात गाडीखाली येते, तारांना चिकटते, आणि पिल्लू तिच्या अंगाला बिलगून तसंच बसून राहतं. त्या पिल्लाला मदत हवीच. पण ती मदत म्हणजे आपलं स्वयंपाकघर नव्हे.

दूध-बिस्किटाचं फार लिहीत नाही. जुलाब कशाने लागले हे वहिनींना आता कळलंय. त्याहून वाईट म्हणजे बाळासारखं उताणं धरून ड्रॉपरने दूध पाजणं. ते फुप्फुसात जातं आणि पिल्लू न्यूमोनियाने मरतं. गारठलेल्या पिल्लाला तर आधी ऊब द्यायची असते, ऊब येईपर्यंत पोटात काही घालायचं नसतं. शिवाय माणसाचा क्षय माकडाला होतो, माकडाच्या चाव्यातून रेबीज माणसाला होऊ शकतो. वहिनींची सहा वर्षांची नात त्याला कडेवर घेऊन फिरत होती, हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

पण त्या मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हे: मोठं झालं की सोडा, आपोआप मिसळतं.

हॅरी हार्लो नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने विस्कॉन्सिन विद्यापीठात आईपासून तोडलेल्या माकडाच्या पिल्लांवर प्रयोग केले. 1958 साली त्या प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पिल्लांना दोन खोट्या आया दिल्या होत्या, एक तारेची, जिच्याकडे दुधाची बाटली होती, आणि एक कापडाची, जिच्याकडे काहीच नव्हतं. पिल्लं दूध पिण्यापुरती तारेच्या आईकडे जायची आणि उरलेला वेळ कापडाला मिठी मारून बसायची. पुढे काही पिल्लं जन्मापासून महिनोन्‌महिने एकटी ठेवली, तेव्हा ती स्वतःलाच चावायची, जागच्या जागी डोलत राहायची, आणि नंतर इतर माकडांत सोडली तरी त्यांच्यात वावरणं त्यांना जमेना. त्यांतल्या माद्या आया झाल्या तेव्हा अनेकींनी पोटच्या पिल्लाकडे पाहिलं नाही, काहींनी त्याला मारलं. क्रूर प्रयोग होते ते, पुन्हा कुणी करू नयेत. पण त्यांतून जे कळलं ते विसरायचं कसं? ती माकडं उत्तरेकडची, लाल तोंडाची. आपल्या घाटातलं टोपी माकड त्यांचं चुलतभावंड आहे. टोपी माकडाची मादी जन्मभर आईच्याच टोळीत राहते, टोळीतला तिचा मानही आईवरून ठरतो. कुणाला वाट द्यायची, कुणापुढे दात दाखवायचे, काय खायचं, कुठल्या आवाजाला पळायचं, हे सगळं ती आईच्या पोटाला चिकटून शिकते. सोफ्यावर वाढलेलं माकड हे कुठून आणणार?

मग होतं ते असं. चार-पाच वर्षांत सुळे येतात, माकड चावायला लागतं. कमरेला साखळी पडते. शेजारी तक्रार करतात आणि एका रात्री डिकीत घालून त्याला लांबच्या घाटात सोडतात. परकी टोळी त्याला फाडते, नाहीतर ते अन्नासाठी माणसांच्याच गाड्यांवर झेप घेतं आणि लोक म्हणतात, माकड पिसाळलं. बेवारस माकडं तयार होण्याची ही एक वाट आहे. पुनर्वसन करणारे लोक अशा अनाथ पिल्लांचा आधी आपसात गट जुळवतात, माणसाची सवय तोडतात आणि मगच सोडायचा विचार करतात. त्यात महिने, वर्षं जातात.

वनखातं मारतं, ही निव्वळ थाप आहे. पिंजऱ्याचं म्हणाल, तर जन्मभर पिंजऱ्यात राहतात ती बरीचशी हीच, घरी वाढवलेली, कुठेच सोडता न येणारी माकडं. आणि न कळवण्याचा सल्ला देणारा माणूस लोकांना तुरुंगाकडे ढकलतोय. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 2022 साली झालेल्या दुरुस्तीनंतर टोपी माकड पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे बेकायदा पकडण्याला तीन ते सात वर्षं कैद. असा प्राणी कोणत्याही कारणाने ताब्यात आला तर 48 तासांच्या आत पोलिसांना किंवा वनाधिकाऱ्याला कळवावं लागतं.

राहिली मारुतीरायाची सेवा. समर्थांच्या अकरा मारुतींपैकी सात आपल्या साताऱ्यात, दोन सांगलीत. चाफळ, मसूर, शिराळा, बहे इथे आम्ही लहानपणापासून जातो. अंजनीच्या लेकाची सेवा आईच्या पदराखालचं लेकरू उचलून कशी व्हावी?

वनखात्याची गाडी यायला वेळ लागतो, ही ओरड मात्र खोटी नाही. आमच्याकडेही दुपार टळून गेली. तोवर काय करायचं ते लिहून ठेवा. हवा लागेल असं खोकं, टॉवेलात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली, मिठी मारायला मऊ कापड, अंधार आणि शांतता. मुलांना लांब ठेवा, फोटो काढू नका. पिल्लू नेमकं कुठल्या वळणावर सापडलं ते सांगता आलं पाहिजे, कारण टोळी तिथेच शोधायची असते. वनखात्याचा नंबर 1926.

वहिनींचं पिल्लू आता उपचार केंद्रात आहे. गाडी आली तेव्हा त्याने वहिनींच्या शालीचं टोक दोन्ही मुठींत घट्ट धरलं होतं. वनरक्षकाने ती शालही सोबत नेली.