गटअभ्यास का मोडतो?

इंदूरच्या भंवरकुआँ परिसरात राज्यसेवेची तयारी करणारी मुले चार-पाच जणांचा गट करून अभ्यासाला बसतात. असे गट मोठ्या उत्साहाने जमताना आणि परीक्षा जवळ येण्याआधीच विखुरतानाही मी पाहिले आहेत. कारण विचारले, तर ठरलेले उत्तर मिळते : ‘बाकीचे सिरियस नव्हते.’ हे निदान मला अपुरे वाटते.

मॅक्स रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याने १९१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आकड्यांनुसार आठ जण मिळून दोरी ओढू लागले की प्रत्येकाचा जोर जवळजवळ निम्म्यावर येत असे. हा ताळमेळाचा दोष असेल, असे म्हणता आले असते. पण १९७४ मध्ये ॲलन इंगम आणि सहकाऱ्यांनी दोरी ओढणाऱ्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधली आणि त्याच्या मागे केवळ ओढण्याचे सोंग करणारी माणसे उभी केली, तरीही त्याचा जोर घटला. एकट्याने ओढताना हाच माणूस पुरती ताकद लावत होता. तेव्हा प्रेरणा ही प्रत्येकाने घरून आणायची शिदोरी नसून, ती गटात बसल्यावर वाढते किंवा आटते, असे मानणे भाग आहे.

फिनलंडच्या सान्ना यार्वेला आणि कॅनडाच्या ॲलिसन हॅडविन या शिक्षण-संशोधकांनी याच अंगाने स्वनियमन (आपला अभ्यास आपणच सांभाळणे), सहनियमन (एकाने दुसऱ्याचा सांभाळणे) आणि सामायिक नियमन (सर्वांनी मिळून सांभाळणे) असा भेद केला आहे. आपले गट बहुधा मधल्या पायरीवरच थांबतात : एक हुशार मुलगा वेळापत्रक आखतो, इतरांना फोन करून उठवतो, आणि तो गावी गेला की सगळेच थंडावते. सामायिक नियमनात ध्येय, त्याकडे जाण्याची रीत आणि वाटेत आलेली मरगळ या तिन्ही गोष्टी सर्वांच्या बोलण्यात येतात. राज्यघटनेचा एखादा भाग वाचताना कोणी ‘मला कंटाळा आला’ म्हणाला, तर त्याला दटावण्याऐवजी भाग अवघड आहे, ध्येय अवाजवी आहे की सगळे केवळ दमले आहेत, हे गटाने मिळून ठरवायला हवे, कारण तिन्हींवरचा उपाय वेगळा आहे. अवघड भाग वाटून घेऊन एकमेकांना शिकवता येतो, अवाजवी ध्येय कमी करावे लागते, आणि दमलेल्यांनी सरळ उठून चहाला जावे.

ही बोलणी मुले आपोआप शिकतील, असे महाविद्यालयांत गृहीत धरले जाते. प्रकल्प गटाला दिला जातो, गुण मात्र अखेरच्या फाइलला मिळतात. मग ती फाइल एकाने रात्रभर जागून केली की पाचांनी, याला काही अर्थच उरत नाही. माझ्या मते निदान चौथा हिस्सा गुण गटाने आपली योजना कुठे आणि का बदलली, या टिपणाला द्यावेत. तेही एकजणच लिहून आणेल, हा धोका उघड आहे; म्हणून ते टिपण वर्गातच, प्रत्येकाकडून त्याच्या हस्ताक्षरात लिहून घ्यावे.