पव्वा, बाटली आणि एपिक्युरस

२७ जानेवारी २०२२ला राज्य मंत्रिमंडळाने १००० चौरस फूट किंवा त्याहून मोठ्या सुपरमार्केट आणि दुकानांत वाइन विकायला मंजुरी दिली, तेव्हापासून एक वाक्य ऐकू येतं: वाइन म्हणजे दारू नव्हे. वर फ्रान्सचा दाखला, की तिथे तर जेवणासोबत वाइन असतेच. इथे फ्रान्समध्ये बसून तो दाखला अर्धाच वाटतो.

हिशेब साधा आहे. १२.५ टक्क्यांच्या ७५० मिली बाटलीत सुमारे ७४ ग्रॅम अल्कोहोल असतं, ४२.८ टक्क्यांच्या १८० मिली पव्व्यात सुमारे ६१. एकट्याने बाटली संपवणारा पव्वेवाल्याच्या पुढेच असतो, फक्त तो नालीत पडलेला कोणाला दिसत नाही. फ्रान्सने १९९१च्या कायद्याने टीव्हीवरून दारूच्या जाहिराती काढल्या, वाइनच्यासुद्धा. सरकारी सल्ला आहे दिवसाला फार तर दोन ग्लास, तेही रोज नाही. आणि ग्लास म्हणजे १०० मिली.

शेतकऱ्याच्या फायद्याचं म्हणाल तर वाइनची द्राक्षं मुख्यतः नाशिककडे. कपाशी-सोयाबीनवाल्याच्या पदरात त्यातलं काय पडणार?

दुसऱ्या टोकाला बंदी. वर्धा आणि गडचिरोलीत ती आहेच, चंद्रपुरात २०१५ ते २०२१ होती. नवऱ्याच्या पिण्याने घर बसलं म्हणून रस्त्यावर उतरलेल्या बायांना इथून कोणी चवीचं तत्त्वज्ञान शिकवू नये. पण जिथे विक्री खुली आहे, त्या वरुड-मोर्शीकडच्या माणसाने प्यायचीच ठरवली, तर मिळते की नाही एवढ्यावर प्रश्न संपत नाही.

इथे प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरस कामाचा. मौजमजेचा देव म्हणून त्याची बदनामी झाली, पण हा माणूस भाकरी-पाण्यावर खूश असे आणि मेजवानी करावीशी वाटली तर मित्राकडे चीजचं भांडं मागे. इच्छांचे त्याने तीन भाग केले: नैसर्गिक आणि गरजेच्या, नैसर्गिक पण बिनगरजेच्या, आणि पोकळ. तहानेला पाणी पहिल्यात. चांगली वाइन दुसऱ्यात: मिळाली तर मजा, नाही मिळाली तर काही अडत नाही. लेबल पाहुण्याला दिसेल अशी बाटली फिरवून ठेवली की गेलीच तिसऱ्यात. काय प्यायचं याआधी कोणासोबत ते बघा, हेही त्याचंच.

आता मे महिन्यातली अडचण. रेड वाइन घरातल्या तापमानाला प्यावी हा सल्ला थंड देशातला. त्याचा अर्थ १६ ते १८ अंश. आपल्याकडे खोलीच ३८ला असते. तेवढी गरम वाइन ओतली की आधी अल्कोहोल नाकात चढतं, फळाचा वास मागे राहतो. फ्रिजमध्ये अर्धा तास पुरत नाही. बादलीत बर्फ आणि पाणी अर्धं-अर्धं घ्या, बाटली मानेपर्यंत बुडवा: रेड १५ मिनिटं, व्हाइट ३०. नुसत्या बर्फात फटी राहतात, म्हणून पाणी हवंच. बूच वर आलेलं असेल तर बाटली घेऊच नका. ती बहुधा कुठेतरी उन्हात तापलेली असते आणि चव शिजवलेल्या मुरंब्याकडे जाते.

सावजी रश्श्यासोबत जड रेड हा हमखास फसणारा बेत. तिखटाने भाजलेल्या तोंडाला अल्कोहोल आणखी पेटवतं, द्राक्षाच्या सालीतून आलेलं टॅनिन तुरट लागतं. थोडी गोडसर, कमी अल्कोहोलची, थंडगार शेनिन ब्लांक ही व्हाइट वाइन चालेल. गोळाभात किंवा पाटोडीच्या रश्श्यालाही तीच. ग्लास तिसऱ्या हिश्श्याइतकाच भरा, वास फिरायला जागा राहते आणि ओतलेली वाइन कोमट होण्याआधी संपते. उरलेली बूच लावून फ्रिजमध्ये, तीन दिवस. नंतर हवेने ती आंबटत जाते.

त्यातही जड वाटली तर थंड पाणी घाला. इथले फ्रेंच दर्दी नाक मुरडतील. पण एपिक्युरसच्या काळातले ग्रीक पाणी न घालता पिणाऱ्यालाच रानटी समजत.