विस्तव नको, शेकोटी पाहिजे

ऐतिहासिक मालिकेच्या स्क्रिप्टमध्ये एक ओळ असते. ‘रात्र. जंगल. मावळे शेकोटीभोवती बसलेत.’ झालं. लेखकाने ही ओळ चहा पिता पिता लिहिलेली असते आणि खाली लगेच संवाद सुरू, कारण त्याला पैसे संवादाचे मिळतात, शेकोटीचे नाही. मग ती ओळ प्रॉडक्शनकडून डिरेक्शनकडे, डिरेक्शनकडून आर्टकडे, आर्टकडून ‘हे लाइटचं काम आहे’ म्हणून आमच्याकडे ढकलली जाते आणि कॅमेरा असिस्टंट म्हणून जी काय माझी जागा आहे तिथे येऊन थांबते, कारण माझ्या खाली ढकलायला कुणी उरलेलं नसतं.

आता कुठलाही शहाणा माणूस म्हणेल, अरे लाकडं आणा आणि पेटवा ना. सेटवर नवीन आलेली पोरं पण हेच म्हणतात आणि म्हणताना त्यांचा चेहरा बघावा, एवढी मोठी माणसं आणि एवढं साधं सुचलं नाही! तर मंडळी, आमचं जंगल ठाण्याला घोडबंदर रोडवर एका शेडमध्ये आहे. वर पत्रा, पत्र्याखाली काळं कापड, झाडं फायबरची, दगड थर्माकोलचे, पाला प्लास्टिकचा आणि मागे जो सह्याद्री दिसतो तो फ्लेक्सवर छापलेला. या सगळ्यात न पेटणारी गोष्ट म्हणजे फक्त स्पॉटदादांच्या बाटलीतलं पाणी. इथे विस्तव लावला तर मावळ्यांच्या आधी प्रोड्युसर धारातीर्थी.

बरं समजा परवानग्या काढल्या, बंब उभा केला आणि बाहेर उघड्यावर पेटवली. तरी पुढचं ऐका. सीन तीन पानांचा. आधी मास्टर, म्हणजे सगळे एकाच फ्रेममध्ये, मग सरदारांचा क्लोज, मग हेराचा क्लोज, मग जे बसल्या बसल्या नुसतं ‘जी सरदार’ म्हणणार आहेत त्यांचे पण क्लोज, कारण चॅनलला रिॲक्शन लागतात. शूट चालणार अर्धी रात्र आणि टीव्हीवर सीन चार मिनिटांचा. त्या अर्ध्या रात्रीत आग काय तुमच्यासाठी थांबते होय? मास्टरला ती कमरेएवढी, सरदारांच्या क्लोजला गुडघ्याएवढी आणि हेराची पाळी येईपर्यंत राख. एडिटला बसलं की दर वाक्यागणिक शेकोटी वर-खाली, वर-खाली. त्यात लाकूड ओलं असलं तर ते नेमकं ‘महाराज’ या शब्दावर फटकन फुटतं आणि साउंडवाला हेडफोन काढून आमच्याकडे असा बघतो की आम्हीच फोडलं. काही ठिकाणी गॅसचे बर्नर पुरून त्यावर लाकडं रचतात, ते त्यातल्या त्यात बरं, ज्वाळा नॉब फिरवून कमी-जास्त करता येते. पण त्याचा सूंऽऽ असा आवाज येत राहतो आणि पुन्हा तोच साउंडवाला, तीच नजर.

एवढं सोसलं तरी मुख्य दुखणं जागेवरच. आपल्या डोळ्याला ज्वाळा पण दिसते आणि ज्वाळेच्या उजेडातलं तोंड पण दिसतं, कॅमेऱ्याला दोन्ही एकदम झेपत नाही. चेहऱ्याला एक्स्पोजर लावलं, म्हणजे चेहरा नीट दिसेल एवढा उजेड कॅमेऱ्यात घेतला, की ज्वाळेचा रंग उडतो, नुसता पांढरा डाग उरतो. ज्वाळेला लावलं की ज्वाळा काय सुंदर, केशरी, पिवळी, आणि तिच्याभोवती मिट्ट काळोखात चार मावळे बोलतायत, म्हणजे रेडिओच. म्हणून मग फ्रेममध्ये जी आग दिसते ती एवढुशी ठेवायची, नुसती दाखवायला, आणि चेहऱ्यावरचा उजेड दुसरीकडून आणायचा, लाकडांच्या आड, जमिनीलगत, लपवून. जो दिसतो त्याने उजेड द्यायचा नाही आणि जो उजेड देतो त्याने दिसायचं नाही. नट आणि लाइटवाले यांच्यात पण हीच वाटणी आहे, पण ते जाऊदे.

रंगाचं तर विचारू नका. मेणबत्तीचा उजेड साधारण १९०० केल्विन, टंगस्टन बल्बचा ३२००, दिवसाचा ५६००. आकडा जितका खाली तितका उजेड तांबडा. आणि कॅमेरा पडला आज्ञाधारक, ज्या उजेडाला पांढरं म्हण असं सांगाल त्याला तो निमूट पांढरं म्हणतो. एका हुशार इंटर्नने शेकोटीच्याच उजेडात पांढरा कागद धरून व्हाइट बॅलन्स मारला होता, मॉनिटरवर शिवकाळातले मावळे रेशन दुकानातल्या ट्यूबलाइटखाली बसल्यासारखे. तेव्हा कॅमेरा ३२०० वरच ठेवायचा आणि लाइटवर नारिंगी जिलेटिन, म्हणजे रंगीत पारदर्शक पातळ शीट, चढवायचं, सीटीओ म्हणतात त्याला. फुल सीटीओ चढवलं की टंगस्टन साधारण २१०० पर्यंत खाली येतो, मेणबत्तीच्या शेजारी. पण फुल लावलं की डिरेक्टर म्हणतात सरदारांना कावीळ झालीय, हाफ लावलं की म्हणतात ही शेकोटी आहे की पेट्रोमॅक्स, आणि फुल-हाफच्या मधलं काहीतरी द्या असं ते म्हणतात तेव्हा आम्ही हाफ काढून पुन्हा हाफच लावतो, मग म्हणतात, हां, आता कसं.

हे जिलेटिन लावायला काय लागतं माहितीये? कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे. प्लास्टिकचे चालत नाहीत, एक किलोवॅटचा बेबी नावाचा लाइट तापला की वितळून खाली टपकतात. चिमटा काढताना बोट भाजतंच. आणि दोन तास झाले की जिलेटिनचा मधला गोल, जिथे बल्बची धग लागते तिथला, रंग सोडायला लागतो, आधी केशरी, मग फिका, मग मधोमध जवळजवळ बिनरंगाचा आणि कडेला चुरचुरलेला. म्हणजे खऱ्या आगीची कंटिन्युइटी जाते म्हणून खोटी आणली तर हिची पण जातेच, आणि वास येतो तो वेगळा.

असे जिलेटिन बदलत बसलेलो असताना डीओपी, म्हणजे मुख्य कॅमेरामन, सरांना हमखास ‘बॅरी लिंडन’ आठवतो. १९७५ चा पिक्चर, डिरेक्टर क्युब्रिकने नासासाठी बनलेली झाइसची ५० एमएम, एफ/०.७ ची, म्हणजे प्रचंड उघडणारी लेन्स मिळवून आतले काही सीन मेणबत्त्यांच्या उजेडात काढले. सगळं खरं आहे आणि ते सांगताना सरांच्या डोळ्यात पाणी येतं तेही खरं आहे. पण एवढी उघडी लेन्स म्हणजे फोकस बोटभर जाडीचा, नट जरा पुढे झुकला की गेला. तिथले नट फारसे हलायचे नाहीत. आमचे सरदार ‘गड्यांनो’ म्हटलं की एक पाऊल पुढे आणि ‘स्वराज्य’ म्हटलं की दुसरं पाऊल पुढे, हात वर, तलवार बाहेर. त्यांचा फोकस ओढायला नासा स्वतः आलं तरी जमणार नाही.

आता मूळ मुद्दा, हलणं. आग हलते. आणि आमची अख्खी जिंदगी उजेड हलू नये म्हणून चाललेली. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, सेकंदाला २४ फ्रेमवर शूट करताना कॅमेऱ्याचं शटर (दर फ्रेमला उजेड किती वेळ आत घ्यायचा ते) १७२.८ डिग्रीवर आणलं नाही तर स्वस्तातले दिवे पडद्यावर लुकलुकायला लागतात, त्याला फ्लिकर म्हणतात आणि तो दिसला तर बोंब माझ्या नावाने. दिवसभर फ्लिकर जावा म्हणून धडपडायचं, आणि रात्री त्याच पगारात तोच फ्लिकर मुद्दाम आणायचा.

जुनी पद्धत म्हणजे काठीला जिलेटिनच्या, कापडाच्या पट्ट्या बांधायच्या आणि लाइटच्या तोंडापुढे हलवायच्या. वाचायला सोपं वाटतं. आमचे लाइटदादा गावी भजनी मंडळात पखवाज वाजवतात. काठी हातात घेतली, ॲक्शन झालं, पहिले काही सेकंद शेकोटी फर्मास, आणि मग हात आपोआप ठेक्यात. धा धिं धिं. डिरेक्टर मॉनिटरसमोर मान डोलवायला लागले, मग हेराचा संवाद त्या लयीत पडायला लागला, सीन संपेपर्यंत फक्त विठ्ठल विठ्ठल म्हणायचं बाकी. कट! दादा, बेताल हलवा. दादा म्हणाले साहेब ते तेवढं सांगू नका, हात ऐकत नाही. खरं आहे ते, माणसाचा हात थोडा वेळ सोडला तर कुठला ना कुठला ताल धरतोच, आणि आगीला ताल नसतो. शेवटी आम्ही प्रॉडक्शनचा अकाउंटवाला धरून आणला. हा माणूस वरातीत नाचतो तेव्हा बँडवाले चुकतात. त्याच्या हाती काठी दिली आणि आईशप्पथ सांगतो, काय शेकोटी पेटलीये! कुठलाच झोका आधीच्यासारखा नाही. तेव्हापासून विस्तवाचा सीन असला की आमची सगळ्यांची पेमेंटं लेट होतात कारण अकाउंटवाला फ्लोअरवर असतो.

यात एक गोष्ट मात्र दादांनीच शिकवली आणि ती कुठल्या मॅन्युअलपेक्षा भारी आहे. नवीन माणूस आग करायला घेतो तेव्हा लाइट चालू-बंद, चालू-बंद करतो, ते बघणाऱ्याला शॉर्टसर्किट वाटतं. आग अशी विझत नसते, तळाला एक धग कायम असते आणि त्यावर तिचा चाळा चालतो. शिवाय ज्वाळा नुसती लहान-मोठी होत नाही, ती जागा सोडते, उजवीकडे जाते, डावीकडे येते, म्हणून मागच्या झाडावरची सावली पण सरकायला पाहिजे. एका लाइटने सावली जागच्या जागी गडद-फिकी होते, सरकत नाही. म्हणून लहान लहान तीन दिवे शेजारी शेजारी, एक स्थिर, दोन डिमरवर, दोघांचं एकमेकांशी पटता कामा नये. बल्ब डिमरवर खाली आणला की आपसूक तांबडा होतो, फिलामेंट थंड व्हायला क्षणभर वेळ घेते, त्यामुळे उतार मऊ येतो. एलईडी नुसता कमी केला तर फक्त मंद होतो, त्याला तांबडं हो म्हणून वेगळं सांगावं लागतं.

हे सगळं जुळलं की मग एक्सपर्ट येतात. लेन्सबद्दल कुणी बोलत नाही, साउंडबद्दल कुणी बोलत नाही, पण शेकोटीशी प्रत्येक जण कधी ना कधी बसलेला असतो. मेकअपवाले म्हणतात जास्त लाल आहे, खरी एवढी लाल नसते. ड्रेसवाल्या ताई म्हणतात आमच्याकडे चुलीला निळी झाक असते. ज्युनिअर आर्टिस्टमधले एक आजोबा उठून जवळ आले, हात पुढे करून शेकून बघितलं आणि म्हणाले ‘बाभळीची नाही ही’. आता बाभळीचं जिलेटिन कुठून आणू?

आणि मग आली प्रगती. मोबाइलवर ॲप, ॲपवर एलईडीच्या ट्यूबा, इफेक्टच्या यादीत ‘फायर’ असं रेडिमेड बटण. स्पीड वाढवा, रंग बदला, काठी नको, चिमटे नको, अकाउंटवाला पण नको. यादी अशी, फायर, कँडल, टीव्ही, लाइटनिंग, पापाराझी, फॉल्टी बल्ब, कॉप कार. टेक अप्रतिम चालला होता. सरदार फॉर्मात, डोळ्यात ज्वाळा, आवाज खाली आणून म्हणाले ‘गनीम जवळ आलाय’ आणि बरोब्बर त्याच क्षणी ट्यूबा हँडल करणाऱ्या पोराला क्रेडिट कार्ड हवंय का असा फोन आला, तो कट करायला गेला आणि अंगठा यादीवर तळाला घसरला. सगळं जंगल लाल-निळं, लाल-निळं. गनीम व्हॅन घेऊन आला होता. सरदार जुने रंगभूमीवाले, थांबले नाहीत, त्या लाल-निळ्यातच ‘भगवा डौलाने फडकत राहील’ इथपर्यंत गेले. कट म्हणायला डिरेक्टरच्या तोंडात शब्दच नव्हता.

बरं, सीन थंडीतल्या रात्रीचा. शूट मे महिन्यात, पत्र्याच्या शेडमध्ये, आवाज नको म्हणून पंखे-कूलर बंद. अंगावर घोंगडी, खाली दाढी गमने चिकटवलेली, पुढ्यात तीन टंगस्टन. ‘काय गारठा पडलाय राजं’ म्हणताना हेराच्या नाकावरून घामाचा थेंब सुटला आणि शेकोटीच्या उजेडात तो इतका छान चमकला की डीओपी सर हळूच म्हणाले, ठेवूया. मेकअपवाल्यांनी ठेवू दिला नाही.

एपिसोड लागला तेव्हा घरच्यांना आवर्जून टीव्हीपुढे बसवलं. चॅनलच्या मॅडमची नोट आधीच येऊन गेली होती, ‘चेहरे दिसत नाहीत, ब्राइट करा’, त्यामुळे ग्रेडिंगला, म्हणजे शूटनंतर रंग-उजेड जुळवताना, काळोख उचलून उचलून पहाट केली होती. उरलेली शेकोटी फ्रेमच्या तळाला होती आणि तळाला चॅनलने पट्टी सोडलेली, ‘रविवारी महाएपिसोड, दुपारी एक आणि संध्याकाळी सात’. ती पट्टी अख्खा सीनभर तिथेच. मावळे मोठ्या निष्ठेने त्या पट्टीशी हात शेकत होते. आई म्हणाली, अरे तू म्हणालास शेकोटी आहे, मग हे पहाटे उठून काय करतायत?

हे लिहितोय तोवर उद्याची कॉलशीट आली. ‘रात्र. गाव. होळी. ज्युनिअर १००.’ खाली प्रॉडक्शनने कंसात लिहिलंय, बजेट कमी आहे, होळी शक्यतो ॲडजस्ट करावी. अकाउंटवाल्याला फोन लावतोय, उचलत नाहीये.