चित्रातले कुत्रे आणि त्यांचे दोर

बर्फातल्या कुत्र्यांचे फोटो समाजमाध्यमांवर सारखे फिरत असतात. निळे डोळे, मिशांवर गोठलेला श्वास आणि वर 'निरपेक्ष प्रेम' वगैरे. ते निळे डोळे बहुतेक वेळा सायबेरियन हस्कीचे असतात. कॅनडाच्या उत्तर टोकाला इनुइट लोक ज्या कुत्र्यांच्या जिवावर जगले, त्यांचे डोळे तपकिरी. माणसाचं आणि त्या कुत्र्यांचं नातं समजून घ्यायचं असेल तर इनुइट कलावंतांची चित्रं आणि कोरीव कामं बघा, आणि बघताना आधी दोरांकडे, म्हणजे कुत्रे ज्यांनी बर्फावरची घसरगाडी ओढतात त्या दोरांकडे, लक्ष द्या.

लॅपलँडच्या सहलीला जाऊन आलेल्या आपल्याकडच्या मंडळींनी कुत्रे जोडीजोडीने, मधल्या एका दोराला बांधलेले पाहिले असतील. जंगलातल्या अरुंद वाटेवर ती पद्धत बरोबर आहे. गोठलेल्या समुद्रावर झाडं नसतात, पण भेगा असतात, मध्येच पातळ बर्फ लागतो. म्हणून इनुइट गाडीवान प्रत्येक कुत्र्याला स्वतंत्र दोर देतो आणि सगळे दोर गाडीच्या पुढे एकाच ठिकाणी अडकवतो. दहा-बारा कुत्रे पंख्यासारखे फाकून धावतात. वजन एका जागी पडत नाही, भेग आली की ज्याला जिथून जमेल तिथून तो उडी मारतो, आणि पांढरं अस्वल दिसलं तर कुत्रे झटकन मोकळे सोडता येतात.

दोरांची लांबी मुद्दाम कमी-जास्त ठेवलेली असते. सगळ्यात लांब दोर पुढाऱ्याचा, आणि पुढारी म्हणजे बऱ्याचदा हाक नेमकी ओळखणारी कुत्री. टोळीतला दादा हा सहसा वेगळाच कुत्रा असतो, अंगाने दांडगा, बाकीच्यांना धाकात ठेवणारा. या पद्धतीचा त्रास मोठा आहे. कुत्रे धावता धावता जागा बदलतात, एकमेकांच्या दोरांवरून उड्या मारतात आणि दोरांची वेणी पडत जाते. वेणी वाढली की दोर आखूड होतात, कुत्रे खेटायला लागतात आणि भांडणं जुंपतात. मग गाडी थांबवायची, हातमोजे काढायचे आणि सीलच्या कातड्याचा तो ओला, गोठलेला पीळ उघड्या बोटांनी सोडवायचा. दिवसातून कितीतरी वेळा. मला तर या कामात जेवढी माया दिसते तेवढी कुरवाळण्यात दिसत नाही.

कॅनडाच्या उत्तरेला, बॅफिन बेटालगतच्या केप डॉर्सेट गावात, म्हणजे आजच्या किंगाइतला, 1959 साली कलावंतांची सहकारी संस्था उभी राहिली आणि मुद्राचित्रांचा, म्हणजे ठशावरून छापलेल्या चित्रांचा, पहिला वार्षिक संच निघाला. त्याआधी तिथे काम करणारे कॅनडाचे कलावंत जेम्स ह्यूस्टन जपानला जाऊन मुद्राचित्रकार उनइची हिरात्सुका यांच्याकडे छपाई शिकून आले होते. किंगाइतची रीत अशी: कलावंत कागदावर चित्र काढतो, संस्था ते विकत घेते. दुसरा कारागीर ते घासून सपाट केलेल्या दगडावर उतरवतो आणि नको तो भाग खोदून काढतो. राहिलेल्या उंचवट्यावर रुळाने शाई लावायची, वर पातळ जपानी कागद अंथरायचा आणि पाठीमागून हाताने घासायचं. साधारण 50 प्रती काढून झाल्या की दगडावरचं चित्र नाहीसं करतात.

यात दोर सगळ्यात अवघड. बारीक रेष हवी तर दगडाची तेवढीच बारीक कड उभी ठेवावी लागते, आणि हत्यार जरा सरकलं की ती उडते. म्हणून दगडी ठशात दोर जाड होतात, कधी थोडेच दाखवले जातात. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या चित्रात रेषच खणायची असते, तिथे एकेक दोर सुटा काढता येतो. दगडात किंवा वॉलरसच्या सुळ्यात कोरलेल्या गाड्यांचे दोर बऱ्याचदा खऱ्या तातीचे किंवा कातड्याचे असतात. तात वर्षानुवर्षं सुकत जाते, ठिसूळ होते, तुटते. नवी बांधताना सगळे दोर सारख्या लांबीचे केले, की पुढारी कोण हेच पुसलं जातं. अशी वस्तू कुणाकडे असेल तर आधी जुने फोटो शोधा, नंतरच हात लावा.

किंगाइतच्या चित्रकार पित्सेओलाक अशूना यांच्या रेखाटनांत उन्हाळ्यातले कुत्रेही दिसतात. गाडी नाही, बर्फ नाही, कुत्र्यांच्या पाठीवर ओझी, आणि सगळं कुटुंब पायी निघालेलं. यातली बायकांची बाजू फार कमी लोक सांगतात. गाडी हाकणारा पुरुष चित्रात उठून दिसतो, पण कुत्र्यांचे पट्टे शिवणं बायकांकडे, आणि पिल्लांना वाढवणं बायका-पोरांकडे. पोरं खेळता खेळता पिल्लांना ओढायची सवय लावत.

आता ते 1959 साल पुन्हा बघा. साधारण 1950 ते 1975 या काळात इनुइट कुटुंबांना शिकारीच्या तळांवरून उठवून वसाहतींत आणलं जात होतं. वसाहतीत कुत्रे बांधून ठेवायचा नियम होता. इनुइट लोकांचे कुत्रे मोकळे असत, कारण बांधलेला कुत्रा चिडका होतो आणि स्वतःचं पोट भरू शकत नाही. नियम अनेकांना कुणी समजावूनही सांगितला नव्हता. पोलिसांनी आणि अधिकाऱ्यांनी मोकळे कुत्रे गोळ्या घालून मारले. व्यापारासाठी आलेल्या माणसाचे कुत्रे गेले की त्याला तळावर परतायची सोय उरत नसे, शिकारही थांबे. काही कुत्रे रोगाने मेले, स्नोमोबाइल आल्या, हेही खरं. पण कॅनडा सरकारने या प्रकाराबद्दल किकिक्तानी भागातल्या (बॅफिन बेट आणि आसपासच्या) इनुइटांची माफी 2019 मध्ये मागितली आणि नुनाविकमधल्यांची (उत्तर क्वेबेकमधल्यांची) 2024 मध्ये. इतकी वर्षं लागली.

म्हणजे कुत्र्यांची कितीतरी चित्रं काढली जात होती त्याच वर्षांत कुत्रे मारले जात होते. अशा चित्राखाली 'पारंपरिक जीवन' एवढं लिहून संग्रहालयांनी मोकळं व्हावं, हे मला अजिबात पटत नाही. चित्राचं वर्ष लिहा, गाव लिहा, कुत्रे कसे जोडलेत आणि का ते लिहा, आणि त्या गावातले कुत्रे कधी आणि कसे गेले तेही त्याच पाटीवर लिहा.