‘वावरातल्या उंदराला कुठे ताप येतो?’

गेल्या आठवड्यात हा मेसेज मला तीन जणांकडून आला. गावच्या ग्रुपवर आला, बहिणीनं आर्वीहून पाठवला, आणि वणीच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं ‘सर, हे खरं आहे का?’ असं विचारत पाठवला. मजकूर थोडक्यात असा : उंदीर घाणीत राहतो, सडकं खातो, तरी त्याला ना ताप ना दवाखाना. रोगजंतूंशी रोज गाठ पडून त्याची जनुकं पोलादी झाली आहेत. म्हणून पोट्ट्यांना चिखलात वाढू द्या, लस आणि औषधांनी प्रतिकारशक्ती मरते.

रोगजंतूंनी रानउंदरांची जनुकं घडवली, हे यातलं खरं आहे. ती कशी घडवली, ते मात्र मेसेजनं पार उलटं सांगितलं आहे.

उंदीर आजारी पडत नाही म्हणे. ‘उंदीर पडले’ हे दोन शब्द ऐकून अख्खं गाव घरं सोडून माळावर झोपड्या घालायचं, हे आपल्या आज्या-पणज्यांनी पाहिलेलं आहे. 1896 साली मुंबईत प्लेग आला, तेव्हा माणसांच्याही आधी उंदरांचाच खच पडला. एरवी त्यांचं आजारपण आपल्याला दिसत नाही, कारण अशक्त उंदीर बिळातच मरतो, नाहीतर धामण किंवा घुबड त्याला उचलतं. इंग्लंडच्या उत्तरेला कील्डर जंगलात संशोधकांनी शेतउंदरांसारखे व्होल पकडून, खुणा करून सोडले आणि पुन्हा पुन्हा पकडून तपासले. गोस्तनदेवीच्या (काउपॉक्सच्या) विषाणूची लागण झालेले व्होल कमी जगतात, असं त्यातून दिसलं.

आता ‘पोलादी जनुकं’. परळच्या हाफकिन संस्थेत एक मोठा बोलका प्रयोग झाला होता. प्लेगनं वर्षानुवर्षं झोडपलेल्या मुंबईच्या उंदरांना प्लेगचे जंतू टोचले, तर त्यांतले बरेच तगले. प्लेगची फारशी झळ न लागलेल्या मद्रासचे उंदीर मात्र पटापट मेले. मादागास्करमध्ये 1898 साली प्लेग पोचला. तिथेही डोंगराळ भागातल्या, म्हणजे प्लेग ठाण मांडून बसलेल्या पट्ट्यातल्या काळ्या उंदरांत प्रतिकार जास्त आढळतो. मुंबईचा एकही उंदीर प्लेगशी झुंजून स्वतःची जनुकं बदलून बसला नव्हता. ज्यांच्यात जन्मतः तग धरणारं काही होतं ते वाचले, त्यांची पिल्लं झाली, बाकीचे मेले. मेसेज ज्याला कमाई म्हणतो, ती त्या मेलेल्यांच्या जिवावरची आहे. हे आपल्या लेकरांना लावायचं म्हणजे काय म्हणायचं, याचा विचार पुढे पाठवणाऱ्यानं केला असेल असं मला वाटत नाही.

शिवाय पोलाद म्हटलं की एकच मजबूत वस्तू डोळ्यांसमोर येते. उंदरांच्या कळपाचं बळ नेमकं उलट, वेगवेगळेपणात आहे. पेशींच्या पृष्ठभागावर जंतूंचे तुकडे धरून ‘हा परका बघा’ असं दाखवणारे रेणू असतात. ते बनवणाऱ्या जनुकसमूहाला एमएचसी म्हणतात. एका रूपाच्या रेणूत काही तुकडे बसतात, दुसऱ्यात दुसरे. रानउंदरांत या जनुकांची ढीगभर रूपं सापडतात, आणि ती मुख्यतः जंतूंमुळे टिकून राहतात. जे रूप सगळीकडे पसरतं, त्याला चकवणारा जंतू माजतो, मग दुर्मिळ रूपवाला उंदीर फायद्यात राहतो. काही काळानं पारडं पुन्हा फिरतं. एका जंतूपासून वाचवणारं रूप दुसऱ्यापुढे लंगडंही पडू शकतं.

हे आपल्याला पुस्तकातून शिकायची गरज नाही. 2017 साली पऱ्हाटीची बोंडं फोडून बघितली होती ना? वरून हिरवंगार बोंड, आत गुलाबी अळी आणि काळवंडलेली सरकी. लाखो हेक्टरांवर तेच बीटी, तीच विषं. अळीनं ती पचवली. एकच कुलूप सगळ्या गावाला लावलं की एकच किल्ली पुरते.

लशीबद्दल एवढंच : मातीत खेळून किंवा लस घेऊन कोणाचंही जनुक बदलत नाही. लस शरीराला जंतूची ओळख करून देते, तीही जीव पणाला न लावता. उंदराला ही सोय नाही. पोरांनी मातीत जरूर खेळावं, पण ते लशीऐवजी नव्हे.

आणि ज्या कारणानं मी हे लिहायला बसलो, ते वेगळंच आहे. उंदराच्या अंगावर जे सहज नांदतं ते आपल्याला सोसेलच असं नाही. 2018 च्या पावसाळ्यात नागपूरकडे स्क्रब टायफस नावाच्या तापानं माणसं गेली. माइट नावाच्या बारीक किड्यांची, उंदरांच्या कानाला चिकटून राहणारी पिल्लं चावली की तो होतो. आमच्या शेजारच्या मावशी निंदणाहून आल्या त्या तापानं फणफणतच. ‘वावरातल्या माणसाला काही होत नाही’ म्हणून घरच्यांनी पाच दिवस काढले. सहाव्या दिवशी नर्सताईंनी लुगड्याची गाठ सैल करायला लावली. कंबरेवर तुरीच्या डाळीएवढी काळी खपली, भोवती लाल कडं, जणू विडीचा चटका. दुखत नाही, खाजत नाही, म्हणून कोणी बघितलंच नव्हतं. डॉक्सीसायक्लिन हे प्रतिजैविक औषध सुरू झालं आणि दोन दिवसांत ताप उतरला.

निंदण, डवरणीच्या दिवसांत ताप आला तर कंबर, काख, जांघ नीट बघा. खपली सगळ्यांनाच दिसते असं नाही. ती नसली तरी डॉक्टरांना ‘वावरात होतो’ हे सांगा.